बंद पडलेला लॅपटॉप

सायकल अडली तर प्रश्न सायकलीचाच असतो. ती दुरुस्त झाली नाही तर दुसरी आणता येते. लॅपटॉपचे तसे नाही. तो यंत्र आहे आणि कपाटही आहे. कपाटाचे कुलूप बिघडले म्हणून कोणी आतील दस्तऐवज जाळीत नाही. परंतु लॅपटॉप सुरू होईनासा झाला की पुष्कळदा नेमके हेच घडते. दुकानदार म्हणतो, "सगळे पुसून नव्याने भरावे लागेल," आणि घाबरलेला मालक मान डोलावतो. दुसऱ्या दिवशी यंत्र चालू होऊन घरी येते. आतील वर्षानुवर्षांचा ठेवा मात्र गेलेला असतो. म्हणून यंत्र वाचविणे आणि त्यातील मजकूर वाचविणे ही दोन निराळी कामे आहेत, हे प्रथम ध्यानात घ्यावयास हवे. त्यांतील दुसरे काम नेहमी आधी करावयाचे असते.

बेळगावातील एका निवृत्त शिक्षकाचे उदाहरण घ्यावे. त्यांच्या पत्नीने तालुक्यातील खेड्यांतून हिंडून म्हाताऱ्या बायकांच्या तोंडच्या जात्यावरच्या ओव्या अकरा वह्यांत उतरून घेतल्या होत्या. पत्नी निवर्तल्यावर त्यांनी दोन वर्षे खपून त्या सर्व ओव्या लॅपटॉपवर टंकलिखित केल्या. पुढे एका पावसाळ्यात वह्यांना वाळवी लागली. मजकूर लॅपटॉपमध्ये सुरक्षित आहे, या भरवशावर त्यांनी ते फारसे मनास लावून घेतले नाही. त्यानंतर काही महिन्यांनी लॅपटॉप अडखळू लागला. लिहिता लिहिता पडदा थिजे, बाण जागचा हलेनासा होई, आणि पाच-सात मिनिटांनी काम पुन्हा सुरू होई. कंटाळून ते बटण दाबून यंत्र बंद करीत व पुन्हा चालू करीत. एके दिवशी सकाळी ते चालू झालेच नाही. पडद्यावर कंपनीचे चिन्ह उमटले, त्याखाली ठिपक्यांचे वर्तुळ फिरू लागले, आणि अर्ध्या तासाने पाहावे तो तेच वर्तुळ फिरत होते. जवळच्या दुकानात पुसून भरण्याचाच सल्ला मिळाला. तेव्हा लॅपटॉप उचलून ते घरी परतले व आपल्या एका जुन्या विद्यार्थ्यास त्यांनी बोलावणे पाठविले.

विद्यार्थी आला, पण त्याने यंत्रास लगेच हात लावला नाही. "सर, बंद पडण्याआधी हे कसे वागत होते?" एवढेच त्याने विचारले. उत्तम वैद्य नाडी पाहण्यापूर्वी दुखण्याची हकीकत ऐकून घेतो, तसाच हा प्रकार होय. कारण लॅपटॉप थिजणे हा स्वतंत्र रोग नव्हे; ते लक्षण आहे, आणि त्याची कारणे अनेक असतात.

पहिले कारण उष्णता. यंत्राच्या मुख्य प्रोसेसरचे तापमान १०० अंश सेल्सिअसच्या आसपास जाऊ लागले म्हणजे तो स्वतःच्या रक्षणासाठी आपला वेग घटवितो, आणि तरीही उष्णता कमी न झाल्यास यंत्र एकाएकी बंद होते. लॅपटॉप गादीवर वा उशीवर ठेवून काम केल्यास खालची हवेची छिद्रे बुजतात. वर्षानुवर्षांची धूळ पंख्याच्या तोंडाशी साचली तरी परिणाम तोच. दुसरे कारण काम करण्याच्या स्मृतीची टंचाई. एकाच वेळी अनेक कामे उघडी ठेवली म्हणजे यंत्रास जागा पुरत नाही. तिसरे कारण एखाद्या आज्ञावलीतील दोष. चौथे, आणि सर्वांत घातक, कारण म्हणजे मजकूर साठविणारी हार्ड डिस्क झिजू लागणे.

थिजलेल्या यंत्राची एक साधी परीक्षा घरच्या घरी करता येते. कीबोर्डावरील कॅप्स लॉकची कळ दाबावी. तिचा दिवा लागत-विझत असेल तर यंत्र आतून जागे आहे, केवळ गुंतलेले आहे, असे बहुधा समजावे व काही मिनिटे धीर धरावा. तेवढ्यानेही भागले नाही तर कंट्रोल, ऑल्ट व डिलीट या तीन कळा एकत्र दाबाव्यात. आयबीएम कंपनीचा १९८१ सालचा वैयक्तिक संगणक तयार होत असता डेव्हिड ब्रॅडली या अभियंत्याने ही त्रयी योजिली, ती यंत्र झटपट पुन्हा सुरू करता यावे म्हणून. आजच्या विंडोजमध्ये ती दाबल्याने एक यादी उघडते, आणि तीतून अडून बसलेले एकच काम बंद करता येते. चालू-बंद करण्याचे बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरणे हा अखेरचा उपाय होय. त्या क्षणी डिस्कवर काही लिहिले जात असेल तर ते अर्धवट राहते. गुरुजी रोज करीत होते तो हाच उपाय.

आता यंत्र सुरूच होत नाही, तेव्हाचा विचार. येथे तीन प्रश्न क्रमाने विचारावेत, आणि एकाचे उत्तर मिळाल्याखेरीज पुढच्याकडे वळू नये.

पहिला प्रश्न, वीज पोहोचते काय? बटण दाबल्यावर दिवा नाही, पंखा नाही, काहीच नाही, तर भिंतीवरील बटणापासून प्रारंभ करावा. त्याच जागी दुसरे उपकरण लावून पाहावे. चार्जरची वायर कोठे पिचली आहे काय, तेही तपासावे. शक्य तर त्याच व्होल्टेजचा व तितक्याच वा अधिक वॅटचा दुसरा चार्जर लावून पाहावा. त्यानंतर चार्जर, माऊस, पेन ड्राइव्ह असे जोडलेले सर्व काढून टाकावे, बॅटरी सुटी निघत असल्यास तीही काढावी, आणि बटण अर्धा मिनिट दाबून धरावे. आत अडकून राहिलेला विद्युत्भार याने निघून जातो. मग केवळ चार्जर लावून पुन्हा प्रयत्न करावा. इतक्या सोप्या उपायाने अनेक यंत्रे जागी होतात. मात्र कीबोर्डाचा भाग फुगून वर आला असेल वा झाकण नीट मिटत नसेल, तर बॅटरी फुगली आहे असे समजून हात आखडावा. लिथियमची ती बॅटरी दाबू नये, टोचू नये, चार्जही करू नये. ती पेट घेऊ शकते. लॅपटॉपवर चहा वा पाणी सांडले असेल तर तो "चालतो का" म्हणून चालू करून पाहणे हाच सर्वांत मोठा अपराध होय. अशा वेळी वीज तोडून तो तंत्रज्ञाकडे न्यावा.

दुसरा प्रश्न, पडदा उमटतो काय? दिवा लागतो, पंखा फिरतो, पण पडदा काळाच, तर अंधारात विजेरीचा झोत पडद्यावर तिरपा टाकून पाहावा. फिकट अक्षरे दिसली तर यंत्र सुरू आहे, केवळ पडद्यामागचा उजेड गेला आहे. घरातील टीव्हीस वायरीने जोडून तेथे चित्र येते काय, हेही पाहता येते. तेथेही काही न आल्यास कान व डोळे उघडे ठेवावेत. सुरू होताना यंत्र आपल्या अवयवांची स्वतः तपासणी करते, आणि दोष आढळल्यास ठरावीक वेळा शिटी वाजविते वा दिवा लुकलुकविते. ती संख्या मोजून कागदावर लिहावी. तिचा अर्थ प्रत्येक कंपनीच्या पुस्तिकेत दिलेला असतो. पुष्कळदा तो अर्थ स्मृतीची पट्टी सैल झाली आहे, एवढाच निघतो. ती पट्टी काढून नीट बसविणे हे जाणकाराचे दहा मिनिटांचे काम आहे.

तिसरा प्रश्न, आत शिरून यंत्र कोठे अडते? गुरुजींच्या लॅपटॉपला वीज होती, पडदा होता. अडथळा त्यापुढचा होता. या टप्प्यावर अडलेली सर्वच यंत्रे रोगट असतात असेही नाही. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-कंपनीने पाठविलेली एक सदोष फाइल जगभरच्या संगणकांत शिरली. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे सुमारे ८५ लक्ष यंत्रे निळा पडदा दाखवून थांबली. हैदराबादच्या विमानतळावर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास देण्यात आले. त्या यंत्रांतील एकही अवयव मोडलेला नव्हता, आतील मजकूरही शाबूत होता. सेफ मोड म्हणजे केवळ अत्यावश्यक भागांनिशी यंत्र सुरू करण्याची रीत. तिने आत शिरून ती एक फाइल काढून टाकताच यंत्रे पूर्ववत् चालू लागली. त्या दिवशी कोणी सरसकट पुसून भरण्याचा मार्ग धरला असता, तर आजार फाइलीएवढा आणि उपचार सर्वस्वाएवढा झाला असता.

विंडोज असलेले यंत्र दोनदा लागोपाठ सुरू होता होता फसले की सामान्यतः तिसऱ्या वेळी दुरुस्तीचा पडदा आपोआप पुढे येतो. त्यात सेफ मोडचा मार्ग असतो, आपोआप दुरुस्तीचा असतो, आणि यंत्र "रीसेट" करण्याचाही असतो. शेवटचा शब्द दिसावयास निरुपद्रवी आहे. पण त्यामागे सर्व मजकूर पुसून टाकण्याचाही पर्याय दडलेला असतो. घाईने बोट टेकवू नये.

विद्यार्थ्याने त्यांपैकी कशासही हात लावला नाही. त्याने लॅपटॉपला कान लावला. आतून थांबून थांबून टक् टक् असा आवाज येत होता. जुन्या पद्धतीच्या हार्ड डिस्कमध्ये एक तबकडी फिरत असते, लॅपटॉपमध्ये बहुधा मिनिटास ५४०० फेरे. आणि केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाहूनही कमी अंतरावरून एक सूक्ष्म शीर्ष तिच्यावरचा मजकूर वाचते. तबकडीचा एखादा भाग वाचता येईनासा झाला की ते शीर्ष पुनःपुन्हा प्रयत्न करीत राहते आणि सगळे यंत्र त्याची वाट पाहत थिजते. गुरुजींचा पडदा पाच-सात मिनिटे थांबे, त्याचे कारण हे होते. महिनाभर यंत्र सूचना देत होते. ती ओळखली गेली नाही. अशा डिस्कवर दुरुस्तीची आज्ञा चालविणे म्हणजे दमेकऱ्यास डोंगर चढावयास लावणे होय. तिच्यात जेवढा श्वास उरला असेल, तेवढ्यात मजकूर बाहेर काढावयाचा असतो. मजकूर अमोल असेल आणि आवाज मोठा असेल, तर घरी प्रयोग न करता यंत्र बंद करून ते मजकूर परत मिळविणाऱ्या तज्ज्ञाकडे पाठविणे हाच शहाणपणा.

येथे आवाज क्षीण होता, आणि तज्ज्ञाचा खर्च गुरुजींच्या निवृत्तिवेतनास झेपण्याजोगा नव्हता. धोका समजावून सांगून व त्यांची संमती घेऊन विद्यार्थ्याने आपल्या घरच्या संगणकावर एका पेन ड्राइव्हवर उबुंटू ही आज्ञावली तयार केली. ती यंत्रात न भरता पेन ड्राइव्हवरूनच चालविता येते. यंत्र सुरू होताना एफ बारा, एफ नऊ वा एस्केप यांसारखी कळ, प्रत्येक कंपनीची निराळी, दाबली म्हणजे कोठून सुरू व्हावयाचे ते निवडता येते. नव्या यंत्रांत अनेकदा डिस्कवरील मजकूर कूटबद्ध असतो, आणि तो उघडण्यास ४८ अंकी किल्ली लागते. ती बहुधा मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात नोंदलेली असते. यंत्र धडधाकट असतानाच ती कागदावर उतरून ठेवावी. गुरुजींचे यंत्र जुने असल्याने ती अडचण आली नाही. विद्यार्थ्याने छायाचित्रे, पत्रे, हिशेब सर्व बाजूस ठेवून प्रथम ओव्यांचीच पेटी उघडली. मजकूर शेकडो पानांचा. पण निव्वळ अक्षरांस जागा फार थोडी लागते. काही मिनिटांत तो दुसऱ्या डिस्कवर उतरला. छायाचित्रे निम्मी निघाली, आणि त्यानंतर डिस्क कायमची मुकी झाली.

ओव्यांच्या अकरा फाइलींपैकी नऊ हाती आल्या. दोन वाचता आल्या नाहीत. त्या दोन फाइलींतील ओव्या ज्या बायकांनी सांगितल्या होत्या, त्यांपैकी आज कोणीही हयात नाही.

लॅपटॉपमध्ये नवी डिस्क बसविली गेली. ही डिस्क फिरत्या तबकडीची नसून चिपांची आहे. ती वेगवान असते, आवाज करीत नाही, आणि बिघडतानाही कित्येकदा काही न सांगता बिघडते. म्हणून चांगली डिस्क हा सुरक्षिततेचा दाखला मानू नये. पीटर क्रोग या अमेरिकी छायाचित्रकाराने सांगितलेला तीन, दोन, एक हा नियम सोपा आहे: मजकुराच्या प्रती तीन असाव्यात, त्या दोन निराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात, आणि त्यांतील एक घराबाहेर असावी. गुरुजींच्या ओव्या आता लॅपटॉपमध्ये आहेत, कपाटातील एका डिस्कवर आहेत, आणि तिसरी प्रत त्या विद्यार्थ्याच्या घरी आहे. शिवाय त्यांनी ती सारी पाने छापून बांधून घेतली आहेत.

यंत्र अडले म्हणजे त्यावर रागावू नये, आणि त्यास घाबरूही नये. वीज, पडदा, आतील वाट या क्रमाने शांतपणे विचारीत जावे, एका वेळी एकच गोष्ट बदलावी, आणि पुसण्याची आज्ञा शेवटी द्यावी. पण हे सारे यंत्र अडल्यावरचे शहाणपण झाले. ज्या घरातील लॅपटॉप आज नीट चालत आहे, त्या घरी पेन ड्राइव्ह लावून, जे पुन्हा लिहिता येणार नाही तेवढे तरी आज संध्याकाळी उतरून ठेवावे. गुरुजींना ती संध्याकाळ दोन वर्षांत सातशेहून अधिक वेळा मिळाली होती.