मातेचे औषध आणि बाळाचे दूध

(माळेगाव बुद्रुक येथे ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व आरोग्य कार्यकर्ते यांच्यासमोर दिलेले भाषण)



नीरा डाव्या कालव्याच्या पाण्याने हा परिसर उसाने समृद्ध झाला. गळीत हंगाम सुरू झाला की येथे ऊसतोड कामगारांच्या कोप्या उभ्या राहतात. कोपीत काय किंवा वाड्यात काय, अंगावर पाजणाऱ्या एखाद्या मातेला रात्री उलट्या सुरू होतात. घरची मंडळी दुकानातून गोळी आणतात आणि कोणी वडीलधारी सांगते, "औषध घेतलेस, आता बाळाला पाजू नकोस." मग पाणी घातलेले वरचे दूध बाटलीतून दिले जाते आणि बाळाला जुलाब लागतात. दुखणे मातेचे, भोग मात्र बाळाच्या वाट्याला!

येथे दोन चुका होतात. कोणासही न विचारता औषध घेणे ही पहिली, आणि कारण नसताना दूध तोडणे ही दुसरी.

मातेने घेतलेल्या बहुतेक औषधांचा काही अंश दुधात उतरतो. परंतु तो किती उतरतो, हे महत्त्वाचे आहे. ऑन्डान्सेट्रॉन हे उलटीवरील औषध स्तनदा मातेस सामान्यतः देता येते. डोंपेरिडोन दुधात अत्यल्प उतरते. तथापि ते मातेच्या हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करू शकते. यास्तव हृदयविकार असलेल्या मातेने ते टाळावे आणि इतरांनीही थोडेच दिवस घ्यावे. दूध वाढावे म्हणून ते मनानेच घेत राहणे धोक्याचे आहे. मेटोक्लोप्रमाइड दुधात त्याहून अधिक उतरते. युरोपीय औषध संस्थेने 2013 साली त्याचा वापर जास्तीत जास्त पाच दिवसांपुरता मर्यादित केला. त्याने मातेचे मन खिन्न होऊ शकते, हेही घरच्यांनी ध्यानात ठेवावे. प्रोमेथाझिनसारख्या गुंगी आणणाऱ्या औषधाने बाळही सुस्तावू शकते. तान्ह्या व अपुऱ्या दिवसांच्या बाळाबाबत विशेष जपावे लागते. म्हणून गोळी कोणती व किती दिवस, हे डॉक्टरांनीच ठरवावयाचे आहे.

मातेने किंवा तिच्या सोबत्याने डॉक्टरांना पहिलेच वाक्य असे सांगावे: "मी बाळाला अंगावर पाजते, बाळ इतक्या महिन्यांचे आहे." चालू असलेली इतर औषधेही दाखवावीत. एवढ्याने निम्मे काम होते.

पुष्कळदा औषधाची गरजही पडत नाही. उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात जलसंजीवनीची एक लिटरची पुडी विरघळवावी आणि ते पाणी मातेने घोटघोट घ्यावे. चोवीस तासांनंतर उरलेले टाकून द्यावे. उलटी-जुलाबाचा साधा संसर्ग दुधातून बाळाला जात नाही. उलट दुधातील रोगप्रतिकारक द्रव्ये त्याचे रक्षण करतात. मातेने साबणाने हात धुऊन पाजत राहावे. बाळाला पहिले सहा महिने केवळ आईचे दूध द्यावे, हा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आजारपणातही विसरू नये.

मात्र उलटीत रक्त दिसणे, पोटात असह्य दुखणे, डोळे पिवळे होणे, लघवी फार कमी होणे किंवा मातेला ग्लानी येणे ही लक्षणे दिसल्यास घरी थांबू नये. औषधानंतर बाळ नेहमीपेक्षा अधिक झोपू लागले, दूध ओढेनासे झाले किंवा त्याचा श्वास मंद वाटला, तर त्याला तत्काळ रुग्णालयात न्यावे. त्यासाठी 108 क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी.

मित्रहो, हे ज्ञान दवाखान्याच्या भिंतीआड राहून उपयोगी नाही. शिक्षकांनी ते पालक सभेत सांगावे. पंचायत सदस्यांनी हंगामात आशा कार्यकर्ती व अंगणवाडी सेविका यांच्यासह कोप्यांपर्यंत जावे. परगावच्या मातेला येथील आरोग्य केंद्राची वाट कोणीतरी दाखवावयास हवी. औषध विचारून घ्यावे, दूध मात्र न विचारता तोडू नये. एवढी एक गोष्ट आपण घरोघर पोहोचवलीत, तर गावातील अनेक बाळांचे दुखणे टळेल.