ओलीचा माग
(वसंत व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)



काल या व्यासपीठावर लोकशाहीच्या भवितव्याबद्दल बोलणं झालं, उद्या संतसाहित्यावर होणार आहे. मधल्या दिवशी मी भिंतीच्या ओलीवर बोलणार आहे. विषय ठरला तेव्हा संयोजकांपैकी एकानं शंका काढली होती, की हे ऐकायला येणार कोण? सभागृह भरलेलं दिसतंय. गावात गळकी घरं बरीच असावीत.

'घरची दुरुस्ती, घरच्यांच्या हातानं' असा विषय जाहीर झाला आहे. हे म्हटलं की ड्रिल मशिन, वॉलपेपर आणि मोबाइलवरचे व्हिडिओ डोळ्यांपुढे येतात. त्यातलं मी फार थोडं सांगणार आहे. आपल्या भागात घर बिघडतं ते मुख्यतः पाण्यानं, आणि मृग लागतो 7 जूनच्या सुमारास. एप्रिल संपत आलाय. हातात पाचेक आठवडे आहेत, तेव्हा कामाचंच बोलू.

माझं म्हणणं एवढंच आहे, की या दुरुस्तीतलं सगळ्यांत अवघड काम शोधाचं असतं, आणि ते घरात राहणाऱ्यानंच करायचं असतं. बाहेरचा माणूस येतो, अर्धा तास थांबतो, आणि तोही बहुधा उन्हाळ्यात, भिंत कोरडी ठणठणीत असताना. शिवाय ज्याच्याकडे जे विकायला आहे तेच औषध तो सांगणार. गच्चीचं कोटिंग करणाऱ्याला रोग गच्चीत दिसतो, रंगाऱ्याला रंगात. डाग पहिल्या सरीत उमटतो की चार दिवसांच्या झडीनंतर, वरच्या बिऱ्हाडात कपडे धुतले की वाढतो की नाही, हे तुमच्याशिवाय कुणाला ठाऊक असणार?

पहिलं हत्यार पेन्सिल. डागाच्या कडेनं रेघ मारा आणि शेजारी तारीख घाला. महिन्यानं पाहा. भर उन्हाळ्यातही डाग रेघ ओलांडून पुढे गेला, तर पावसाला दोष देऊ नका; पाणी नळाचं आहे. मग घराला मीटर असेल तर रात्री सगळे नळ बंद करून आकडा लिहून ठेवा आणि सकाळी पुन्हा वाचा. आकडा हलला असेल तर कुठली तरी पाइप फुटली आहे, किंवा संडासाची टाकी गुपचूप वाहते आहे.

न्हाणीघराचा संशय असेल तर नहाणी ट्रॅपच्या तोंडात प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला कापडाचा बोळा घट्ट बसवा, फरशीवर इंचभर पाणी साठवा आणि 24 तास तसंच ठेवा. खालच्या घरात ओल वाढली, तर दोष फरशीत किंवा ट्रॅपच्या सांध्यात. वाढली नाही, तर भिंतीतल्या पाइपांकडे वळा. पुष्कळदा दोष टाइल्सच्या दर्जांमध्ये निघतो. तो घरच्या घरी निपटता येतो. जुनी दर्ज खरवडून काढायची, धूळ झटकायची, पूर्ण वाळू द्यायची आणि इपॉक्सी ग्राउट भरायचं. सुट्टीच्या दिवसाचं काम आहे. फक्त घरच्यांच्या आंघोळीची सोय आधी दुसरीकडे लावा, नाहीतर दर्जेआधी घरातलं वातावरण तापतं.

भिंतीसाठी आणखी सोपी परीक्षा. फूटभर चौरस पारदर्शक प्लॅस्टिक घ्यायचं, चारही कडांनी चिकटपट्टीनं भिंतीवर हवाबंद लावायचं. दोन दिवसांनी पाहायचं. प्लॅस्टिकच्या खोलीकडच्या बाजूवर दव जमलं असेल तर ओल हवेतली आहे. बाहेरच्या भिंतीला चिकटवून ठेवलेलं कपाट, खोलीत वाळत घातलेले कपडे, बंद खिडकी, हे तिचे धनी. तिथे वॉटरप्रूफिंगवर हजारो रुपये घालणं म्हणजे पैसे पाण्यात. कपाट चार बोटं पुढे ओढा, खिडकी उघडा. दव आतल्या, म्हणजे भिंतीकडच्या बाजूवर असेल, तर पाणी भिंतीतून येतंय. ते जमिनीपासून साधारण कमरेपर्यंतच असेल आणि पांढरा लोणा फुटला असेल, तर ओल पायातून वर चढते आहे. हा लोणा कोरड्या ब्रशनंच झाडायचा. पाण्यानं धुतलात, तर ते क्षार विरघळून पुन्हा भिंतीत शिरतात.

एक सावधगिरी. छताला जिथे थेंब दिसतो, तिथेच वर भोक असतं असं नाही. स्लॅबमध्ये विजेच्या तारांसाठी घातलेल्या नळ्या असतात. पाणी गच्चीच्या एका कोपऱ्यात आत शिरतं आणि नळीतून वाट काढत पंख्याच्या हुकाशी टपकतं. पंख्याच्या बरोबर वरचा गच्चीचा तुकडा फोडून पुन्हा करणारे लोक दर उन्हाळ्यात भेटतात. पंख्यातून पाणी टपकत असेल, तर आधी मेन स्विच बंद, मग बाकीचं संशोधन.

आता गच्चीवर चढू. हजार चौरस फुटांची गच्ची म्हणजे 93 चौरस मीटर. तिच्यावर 100 मिलिमीटर पाऊस पडला, तर 9,300 लिटर पाणी झालं, जवळजवळ एक टँकर. मुंबईत किंवा कोकणात एका दिवसात एवढा पाऊस हे नवल नव्हे. हे सगळं पाणी चार-पाच तोंडांतून खाली जायचं असतं, आणि त्या तोंडांशी गेल्या वर्षीचा पालापाचोळा, पतंगाचा मांजा आणि एखादं कबुतराचं घरटं बसलेलं असतं. स्वतःच्या हातानं करायच्या कामांत सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत फायद्याचं काम कोणतं, असं विचाराल, तर खराट्यानं गच्ची झाडणं. त्याला कुणी नूतनीकरण म्हणत नाही, म्हणून ते राहून जातं.

झाडून झालं की बादलीभर पाणी ओता आणि कुठे थांबतं ते पाहा. साधारण शंभर फुटांना एक फूट उतार हवा. तळं साचतं तिथे खडूनं गोल काढा. मग कठड्याच्या आणि गच्चीच्या सांध्यातला गोलाई दिलेला वाटा बोटानं तपासा. गळती सपाट जागेपेक्षा इथेच जास्त सुरू होते, कारण उन्हानं गच्ची प्रसरण पावते आणि कठडा तिच्याबरोबर हलत नाही. बारीक चीर असेल तर ती इंग्रजी व्हीच्या आकारात थोडी रुंद करून क्रॅक फिलर भरायचा. कोटिंग करायचं तर तारेच्या ब्रशनं शेवाळ आणि सुटे पापुद्रे निघाले पाहिजेत. पहिला हात पातळ, दुसरा हात आडव्या दिशेनं, कोपऱ्यांत आणि चिरांवर फायबरची जाळी. काम सकाळी किंवा ऊन कलल्यावर करा. दुपारच्या तापलेल्या गच्चीवर कोटिंग मुरण्याआधीच वाळतं आणि पुढच्या वर्षी सापाच्या कातीसारखं निघतं.

गच्चीवर पाणी साठवून बघावं का, असं लोक विचारतात. नव्या, धडधाकट इमारतीत बघा. जुन्यात नको. हजार चौरस फुटांवर दोन इंच पाणी म्हणजे साडेचार टनांहून जास्त वजन होतं.

आपल्या कोकणात हे काम दर वर्षी ठरलेलं असे. वैशाखात शाकारणी निघायची. माकडांनी फोडलेली कौलं काढायची, पाचोळा झाडायचा, कुजलेली रीप बदलायची, आढ्यावरचे कोने पुन्हा बसवायचे, पावसाचा मारा असलेल्या बाजूला माडाच्या झावळ्यांची झापं बांधायची. मंगळुरात बासेल मिशननं 1865 मध्ये कौलांचा कारखाना काढला आणि पुढे ती खाचेत खाच बसणारी कौलं आपल्याही किनाऱ्यावर पसरली. त्यांचा मोठा गुण असा, की दुरुस्तीचं माप एक कौल असे. फुटलेलं दिसलं की शेजारचं उचलून तेवढंच बदलायचं. घरातला जाणता मुलगा ते करू शके. स्लॅबला असं माप नाही. म्हणून कितीतरी इमारतींवर आता गच्चीच्या डोक्यावर पत्र्याचं उतरतं छप्पर दिसतं. आम्ही उतरतं छप्पर टाकून सपाट गच्ची घेतली आणि गच्ची वाचवायला पुन्हा उतरतं छप्पर आणलं! दिसायला ते ओंगळ असतं, पण पावसापुरतं ते शहाणपणाचं आहे. मात्र परवानगीशिवाय आणि वाऱ्याचा हिशेब न करता ठोकलेला पत्रा पहिल्या वादळात रस्त्यावर येतो.

जुन्या वाड्यांत राहणारे इथे कुणी असतील, त्यांच्यासाठी थोडं जास्त बोलतो, कारण सगळ्यांत जास्त नुकसान तिथे होतं, तेही चांगल्या हेतूनं. दगड, माती, भाजलेली वीट आणि चुना यांची भिंत पावसात पाणी पिते आणि उन्हात ते सोडून देते. दीडशे-दोनशे वर्षं तिचं असंच चाललेलं असतं. जोसेफ अ‍ॅस्पडिननं इंग्लंडात पोर्टलंड सिमेंटचं पेटंट घेतलं 1824 मध्ये; आपले कित्येक वाडे त्याहून जुने आहेत. अशा भिंतीला ओल दिसली की आपण सिमेंटचा गिलावा चढवतो, वर प्लॅस्टिक रंग देतो. दोन वर्षं भिंत देखणी दिसते. पायातून चढणारं पाणी मात्र थांबलेलं नसतं, फक्त त्याची बाहेर पडायची वाट बंद झालेली असते. मग ते आणखी वर चढतं आणि भिंतीत पुरलेल्या लाकडी खांबाला, तुळईच्या टोकाला गाठतं. लाकूड आतून कुजतं आणि ते वरून दिसत नाही.

तिथे चुनाच हवा. चुनखडक साधारण 900 अंशांना भाजला की कळीचा चुना होतो, तो पाण्यात विरला की विरीचा चुना, आणि भिंतीवर लावल्यावर हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन त्याचा पुन्हा चुनखडक बनतो. पण त्यातून वाफ आरपार जाऊ शकते. सरस आणि किंचित नीळ घालून चुन्याचा हात मारणं हे घरच्यांनी करायचंच काम आहे, आमच्या आधीच्या पिढीनं दर दसऱ्या-दिवाळीला केलेलं. कळीचा चुना घरी विरवायचा असेल तर चुना थोडा थोडा पाण्यात टाका, चुन्यावर पाणी ओतू नका. तो उकळून उडतो आणि डोळा कायमचा जाऊ शकतो. चष्मा घाला. मुलांना लांब ठेवा.

ब्रिटनमध्ये बॅरी बकनेल नावाचे एक गृहस्थ होऊन गेले. 1962 मध्ये बीबीसीवर त्यांनी एक जुनं घर आठवड्या-आठवड्यानं दुरुस्त करून दाखवलं आणि सगळा देश हातोडी घेऊन कामाला लागला. त्यांचं एक आवडतं काम होतं, जुन्या नक्षीच्या दारांवर सपाट हार्डबोर्ड ठोकणं. पुढच्या पिढीनं ते हार्डबोर्ड उचकटून काढले. आपल्याकडे ओलीच्या भिंतीवर पीव्हीसीचं पॅनेल ठोकणं हा तोच प्रकार आहे. पॅनेलमागे बुरशी सुखानं वाढते आणि दुरुस्ती झाली म्हणून आपणही सुखानं झोपतो.

आता हात कुठे आवरायचा ते सांगतो. 25 जुलै 2017 रोजी घाटकोपरला चार मजली इमारत कोसळली आणि 17 माणसं गेली. तळमजल्यावर नूतनीकरणाचं काम चाललं होतं, आणि त्यात खांबांना हात लावल्याचा आरोप झाला. तुळई, खांब, स्लॅब यांना छिन्नी लावायची नाही. खोली मोठी दिसावी म्हणून तर नाहीच नाही. छताचे पोपडे पडून गंजलेली सळई दिसू लागली, तर वरून सिमेंट थापू नका. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा घेतो. तो आतून काँक्रीट फोडत राहतो आणि तुमचं थापलेलं सिमेंट एक दिवस ताटात पडतं. तिथे स्ट्रक्चरल इंजिनिअरच हवा. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत 15 ते 30 वर्षांच्या इमारतीची संरचनात्मक तपासणी दर 5 वर्षांनी आणि त्याहून जुनीची दर 3 वर्षांनी करायला सांगितलं आहे. गच्चीच्या गळतीचा खर्चही त्यांत संस्थेवर टाकला आहे, सर्वांत वरच्या मजल्यावरच्या एकट्या सभासदावर नाही. पुढच्या वार्षिक सभेला हे बरोबर घेऊन जा.

चिरेबाबत संशय असेल तर तिच्यावर कागदाची पट्टी आडवी चिकटवून तारीख लिहा. पट्टी फाटली तर भिंत अजून हलते आहे, आणि ते काम लांबीचं किंवा पुट्टीचं नव्हे.

शेवटची गोष्ट जुन्या तैलरंगाची. घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण दशलक्षात 90 भागांपेक्षा जास्त नको, हा नियम आपल्याकडे नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. त्याआधीच्या दारं-खिडक्यांच्या रंगात शिसं असू शकतं. असा रंग पॉलिश पेपरनं कोरडा घासू नका. ओला करून घासा, तोंडाला मास्क लावा, राड जमिनीवर सुकू देऊ नका, आणि घरात गरोदर बाई किंवा लहान मूल असेल तर हे काम हातात घेऊच नका.

तेव्हा या रविवारी गच्चीवर जा. पेन्सिल, खडू आणि खराटा एवढंच न्या. दर्जा, चिरा, वाटा आणि कोटिंग 15 मेपर्यंत संपवा. नव्या गिलाव्यावर सात दिवस पाणी मारा आणि पुढे तीन आठवडे तो सुकू द्या. रंगाचे पैसे मात्र दिवाळीपर्यंत खिशातच ठेवा. दुरुस्ती जमली की नाही, हे एक पावसाळा गेल्याशिवाय कळत नाही.

आता प्रश्न घेतो. विचारताना घर कोणत्या मजल्यावर आहे आणि डाग कोणत्या दिशेच्या भिंतीवर आहे, एवढं आधी सांगा.