तेल, विहीर आणि निसर्गाच्या नावावरची उधारी



जमिनीत मुरलेल्या तेलाचे निसर्गच कालांतराने विघटन करतो, असे हल्ली मोठ्या विश्वासाने सांगितले जाते. विधान खोटे नाही. परंतु त्या विघटनाला किती काळ लागतो आणि तोवरचा खर्च कोणाच्या खाती पडतो, हे तपासल्यावाचून ते स्वीकारता येत नाही.

या बाबतीत दीर्घ काळाचा पुरावा अमेरिकेत उपलब्ध आहे. मिनेसोटा राज्यात बेमिजी गावाजवळ २० ऑगस्ट १९७९ रोजी कच्च्या तेलाची वाहिनी फुटली आणि सुमारे १७ लाख लिटर तेल सांडले. उपसून, जाळून, माती खणून बरेचसे काढले. तरी सुमारे ४ लाख लिटर वाळूच्या थरात उरलेच. १९८३ पासून तेथील सरकारी भूगर्भ सर्वेक्षण खात्याने निरीक्षण-विहिरी घेऊन या जागेचा अभ्यास चालविला.

जे आढळले ते विस्मयकारक आहे. जमिनीतील जिवाणू तेलातील द्रव्यांवर जगतात. आधी ते पाण्यात विरघळलेला प्राणवायू वापरतात. तो संपला की वाळूच्या कणांवरील लोहाच्या गंजासारख्या लेपाकडे वळतात. तोही सरला तेथे मिथेन वायू तयार होतो. त्यामुळे बेंझीन हे रक्ताचा कर्करोग घडविणारे द्रव्य भूजलाइतके दूर गेले नाही. बरेचसे वाटेतच नष्ट झाले.

मात्र जिवाणूंची ही शिदोरी मर्यादित होती. लोहाचा लेप खपत गेला तसतसे दूषित क्षेत्र हळूहळू पुढे सरकले. शिवाय त्या लेपाला मुळातच चिकटलेले नैसर्गिक आर्सेनिक मोकळे होऊन पाण्यात उतरले. आर्सेनिक तर कोणी सांडलेही नव्हते! केवळ बेंझीन मोजणाऱ्याला ते दिसलेच नसते.

नैसर्गिक विघटनावर विसंबणे म्हणजे हात झटकणे नव्हे, असे अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९९९ च्या धोरणपत्रात म्हटले, ते उगाच नाही. मूळ साठा शक्य तितका काढावा आणि उद्दिष्ट गाठेपर्यंत देखरेख चालू ठेवावी, अशी त्यात अपेक्षा आहे. व्यवहारात ही देखरेखच प्रथम गळते. तिचे कारण रसायनशास्त्रात सापडणार नाही, जमाखर्चात सापडेल. वार्षिक १० टक्के दराने हिशेब मांडल्यास ३० वर्षांनंतर द्यावयाच्या १०० रुपयांची आजची किंमत जेमतेम ६ रुपये भरते. खर्च पुढे ढकलणाऱ्या मालकाला तो जवळजवळ माफच होतो. त्या विहिरीचे पाणी रोज पिणाऱ्या कुटुंबाला अशी सूट कोणी देत नाही.

आपल्याकडे वाहिन्यांइतकाच प्रश्न पेट्रोल पंपांखालच्या टाक्यांचा आहे. पेट्रोलमध्ये १ टक्का बेंझीन धरले तर १०० लिटर गळतीत ते १ लिटर होते. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा पाण्याच्या लिटरमागे १० मायक्रोग्रॅम आहे. त्या हिशेबाने हे एक लिटर ८ कोटी लिटरहून अधिक पाणी नासविण्यास पुरे. त्यात बेमिजीची वाळू येथे नाही. महाराष्ट्राची सुमारे चार-पंचमांश भूमी बेसाल्टच्या काळ्या खडकाची. पाणी त्याच्या भेगाभेगांतून वाट काढते. एका विहिरीत तेल उतरावे आणि शेजारची स्वच्छ राहावी, असे घडू शकते. एका नमुन्यावरून साऱ्या गावाला निर्वाळा देता येत नाही.

प्रदूषण करणाऱ्यानेच भरपाई करावी, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९९६ च्या वेल्लोर निकालात मान्य केले. दशकानुदशकांच्या देखरेखीचा खर्चही त्यातच धरला पाहिजे. गळती उघड होताच मालकाकडून त्यासाठी ठेव घ्यावी. तपासणारी प्रयोगशाळा त्याच्या पैशावर चालली तरी त्याच्या हुकमतीखाली नसावी. निकाल ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावेत. कार्यकर्त्यांनी विचारावे: निरीक्षण-विहिरी किती, त्या पाण्याच्या प्रवाहाच्या दिशेने आहेत काय, आर्सेनिक मोजले काय, शेवटचा नमुना कधी घेतला? ‘पाण्याला वास तर येत नाही,’ या उत्तरावर परतू नये. बेंझीनचा वास नाकाला कळतो तो मर्यादा कितीतरी पटींनी ओलांडल्यानंतर.