ठराव वाचून मगच अंगठा



वनहक्क समितीत 10 ते 15 माणसं, त्यात किमान एक तृतीयांश बाया, असा नियम आहे. पण बऱ्याच पोडांवर बाया अंगठ्यापुरत्याच. बैठक मजुरीच्या वेळी ठेवली तर त्या येतील कशा? दाव्याचे कागद एकाच्याच पेटीत. तो रुसला की काम अडलं.

गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाले 2009 साली सामूहिक वनहक्क मिळाला. तिथं हात मोजून निर्णय होत नाही. सर्वांचं एकमत होईस्तोवर बोलणं चालते. वेळ लागते, लई लागते. पण मागून कुरकुर करणारा कमी उरतो.

आमचं म्हणणं एवढंच, पुढच्या ग्रामसभेत कागदांची एक नक्कल बायांकडं द्या. ठराव मोठ्यानं वाचा, कोलामीत, गोंडीत समजवा. मग अंगठा.