बर्लिनच्या दारावरील नावे

(आपल्या ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात दिग्रस येथे दिलेले भाषण)



परदेशी राहणाऱ्या आपल्या मुलाने तिकडचे चार शब्द सांगावेत, अशी मंडळाची आज्ञा झाली. बर्लिनमध्ये मी अजून नवखाच आहे. तेव्हा जाणकार म्हणून नव्हे, तर डोळे उघडे ठेवून हिंडलेला एक दिग्रसकर म्हणून बोलतो.

तेथे राहावयास गेलेल्या माणसाने प्रथम सरकारी कचेरीत आपला पत्ता नोंदवायचा आणि मग दारावर आडनाव लावायचे. घंटेच्या फळीवर आडनाव नसेल, तर टपालवाला पत्र परत नेतो. आमच्या फळीवर जर्मन, तुर्की, पोलिश, व्हिएतनामी, अरबी अशी आडनावे एकाखाली एक आहेत. त्यांतच माझे वऱ्हाडी आडनाव. आपल्याकडे आडनाव कानी पडताच ऐकणारा जात, पोटजात मनाशी ताडून घेतो. तेथे त्यावरून कोणास काही कळत नाही. पहिल्या महिन्यात मला त्यामुळे पोरके वाटले. पुढे हलके वाटू लागले. दोन्ही भावना खऱ्या, म्हणून दोन्ही सांगतो. तेथे सारेच समान आहे, असेही समजू नये. भाड्याचे घर शोधताना परक्या आडनावाला उत्तर उशिरा येते, हे माझे तुर्की शेजारी मला सांगतात.

या नगरीला बाहेरच्या माणसांनीच मोठेपण आणले. फ्रान्समध्ये प्रॉटेस्टंट पंथीयांचा छळ होऊ लागला, तेव्हा 1685 साली ब्रांडेनबुर्गच्या इलेक्टरने त्यांना जाहीरनामा काढून बोलाविले. 1700 च्या सुमारास बर्लिनच्या दर पाच रहिवाशांत एक फ्रेंच होता. विणकर, घड्याळजी, माळी असे कसबी लोक त्यांत होते. 1737 साली बोहेमियातून धर्मासाठी परागंदा झालेली कुटुंबे आली. त्यांची वस्ती आजच्या नॉयकोल्न भागात पाहावयास मिळते. 1961 साली भिंत उभी राहिली आणि पूर्वेकडून पश्चिम बर्लिनच्या कारखान्यांत येणारे कामगार तुटले. त्याच वर्षी तुर्कस्तानशी करार झाला आणि तुर्की कामगार येऊ लागले. त्यांच्या बायकामुलांनी आणि नातवंडांनी आज बाजार, शाळा, कचेऱ्या गजबजल्या आहेत.

परंतु याच नगरीत पदपथावरून चालताना खाली पाहावे लागते. घरांच्या दारांसमोर दहा सेंटिमीटर लांबीरुंदीचे पितळी दगड बसविले आहेत. ‘येथे राहत होते’ एवढे लिहून पुढे नाव, जन्मवर्ष आणि शेवट कोठे झाला, ते कोरलेले असते. असे दहा हजारांहून अधिक दगड एकट्या बर्लिनमध्ये आहेत. 1933 साली येथे सुमारे एक लाख साठ हजार ज्यू होते. त्यांतील पन्नास हजारांहून अधिक मारले गेले. दारावरची नावे पुसली गेली आणि कित्येक वर्षांनी जमिनीवर आली.

ही माणसे वेगळी काढण्यासाठी विद्येचाही आधार घेण्यात आला. डालेम भागात 1927 साली मानववंशशास्त्राची एक मोठी संस्था निघाली. तिचे प्रमुख ऑयगेन फिशर हे वंशश्रेष्ठत्वाचे पुरस्कर्ते होते. त्यांच्याच हाताखाली इरावती कर्वे या आपल्या मराठी विदुषी 1928 साली शिकावयास गेल्या. माणसाच्या कवटीच्या दोन बाजू सारख्या नसतात; हा फरक युरोपियनांत अधिक असून तो त्यांच्या श्रेष्ठ बुद्धीचे चिन्ह होय, असा गुरूंचा तर्क होता. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या. वंशावरून तसा फरक पडत नाही, असे त्यांना आढळले, आणि तेच त्यांनी प्रबंधात लिहिले. परका देश, हाती पदवी यावयाची, समोर प्रबळ गुरू. तरी माप बदलले नाही. ती इमारत आज विद्यापीठाच्या ताब्यात आहे आणि तेथे घडलेल्या पापाची पाटी भिंतीवर लावलेली आहे.

याच बाईंनी पुढे जात म्हणजे विस्तारलेला नातेसमूह, अशी मांडणी केली. आपले मंडळ त्याच नात्यातून उभे आहे, आणि त्याचे ऋण मी विसरलेलो नाही. खेड्यातून आलेल्या मुलाला पुस्तके, वसतिगृह, शुल्क देणारे हे घर आहे. नात्याने माणूस सावरतो. पण नात्याचे माप दुसऱ्याची किंमत ठरविण्यास लागले, की त्याचा काच सुरू होतो.

म्हणून मंडळापुढे एक नम्र सूचना ठेवतो. पुढील वर्षापासून आपल्या शिष्यवृत्तींपैकी निदान दोन, दिग्रस तालुक्यातील कोणत्याही जातिधर्माच्या गरजू मुलामुलींना द्याव्यात. अर्जावर जातीचा रकाना नसावा. गुण आणि घरची परिस्थिती एवढेच पाहावे. पहिल्या वर्षीची रक्कम मी देईन. यास विरोध होईल, हे मी जाणतो; आपल्याच मुलांना पुरत नाही, हे म्हणणे खोटे नाही. तरी बर्लिनला ज्यांनी भरभराट आणली, तेही एके काळी कोणाचे आपले नव्हते, एवढे ध्यानात घेऊन कार्यकारिणीने विचार करावा.