न थांबणारं किण्वन



वसई-विरारकडच्या ताडावर बांधलेलं मडकं तुम्ही पाहिलं असेल. पोयीच्या, म्हणजे फुलोऱ्याच्या, शेंड्याची पातळ चकती रोज कापायची, म्हणजे रस ठिबकत राहतो. मडक्याला आतून चुना लावला असेल तर रस न आंबता नीराच राहतो. नसेल तर भिंतींना चिकटलेलं यीस्ट ताज्या रसावर तुटून पडतं आणि तोंडाशी फेस येतो. वरून नवा रस येतोय आणि खाली साखरेचं अल्कोहोल होतंय, दोन्ही एकाच वेळी. बिअरच्या कारखान्यांनी गेल्या शतकात जे साधायची धडपड केली, त्याचं तत्त्व हेच.

बिअर एरवी घाण्याघाण्याने होते. टाकी भरायची, यीस्ट घालायचं, आठवडाभर आंबवायचं, मग थंडाव्यात मुरवायचं, टाकी रिकामी करून धुवायची, की पुन्हा पहिल्यापासून. न्यूझीलंडच्या मॉर्टन कूट्स यांनी १९५६ मध्ये वेगळ्या रीतीचं पेटंट घेतलं. जवाचा गोड काढा एका बाजूने अखंड आत सोडायचा, यीस्टने गच्च भरलेल्या टाक्यांतून न्यायचा आणि दुसऱ्या बाजूने बिअर काढायची. वेगळं झालेलं यीस्ट परत आत. डोमिनियन ब्रुअरीजने ही पद्धत चालवून दाखवली.

साठच्या दशकात इंग्लंडमध्येही अशा अखंड किण्वनाचे उंच मनोरे उभे राहिले, पण बहुतेक बंद पडले. का? घाणा नासला तर एक टाकी ओतून देता येते. अखंड प्रवाहात शिरलेला जीवाणू मात्र तिथेच ठाण मांडतो, आणि महिनोन्महिने चालणारं यीस्टही हळूहळू बदलत जातं. शिवाय बिअरची घाई केली की डायअसिटाइल मागे उरतं, त्याला लोण्यासारखा वास येतो. मुरताना यीस्टच ते परत खाऊन टाकतं. फिनलंडमध्ये मुरवण्याचा हा एकच टप्पा अखंड केला. बारीक कणांवर बसवलेल्या यीस्टमधून बिअर सोडली आणि आठवड्यांचं काम तासांवर आलं. मला ही वाट जास्त शहाणपणाची वाटते.

आपल्या महाराष्ट्रात अखंड किण्वन रुजलं ते साखर कारखान्यांच्या डिस्टिलरीत, मळीवर. पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजसारख्या कंपन्यांनी असे प्रकल्प उभारले. तिथे आंबलेला द्रव कोणी पीत नाही, तो उकळून त्यातलं अल्कोहोल वेगळं काढतात. चवीतला थोडा फरक तिथे चालून जातो, कारण त्यातलं बरंचसं इथेनॉल पेट्रोलमध्ये मिसळायला जातं.