जुना लॅपटॉप उघडताना

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर काय किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत काय, दुरुस्तीला येणाऱ्या जुन्या लॅपटॉपची तक्रार बहुधा एकच असते: चालू व्हायलाच पाच मिनिटं लागतात. मालकानं मनातून तो मोडीत काढलेला असतो. प्रोसेसर मात्र बहुतेक वेळा ठणठणीत असतो. थकलेली असते ती हार्ड डिस्क. तिची तबकडी मिनिटाला ५४०० फेरे घेते आणि वाचणारं हेड माहितीचा तुकडा शोधत सतत इकडून तिकडे सरकत राहतं. तिच्या जागी एसएसडी बसवली, तर तीत फिरणारं, सरकणारं काहीच नसतं. म्हणून या एका बदलानं जो फरक पडतो, तो दुसऱ्या कशानंही पडत नाही.

२०११ सालचा थिंकपॅड एक्स२२० बघा. कडेचा एकच स्क्रू काढला की डिस्कवरचं छोटं झाकण सुटतं आणि डिस्क अलगद बाहेर ओढता येते. नवी एसएसडी ७ मिलिमीटर जाडीची हवी, जास्त जाड त्या खाचेत शिरत नाही. तळाच्या झाकणाखाली रॅमचे दोन स्लॉट. बॅटरी तर खटके सरकवले की थेट हातात येते.

यंत्र उघडलंच आहे, तर पंखाही पाहावा. जाळीत धुळीचा थर बसलेला असतो आणि प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट वाळून खडखडीत झालेली असते. तापलेला प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो. जुनी पेस्ट पुसून नवी लावणं, हे स्वस्तातलं काम आहे.

बॅटरीच्या बाबतीत मात्र हयगय नको. टचपॅड वर उचलला गेला, तळ टेबलावर सपाट बसेना, तर आतली लिथियम बॅटरी फुगली असं समजावं. चार्जर लगेच काढावा. ती दाबू नये, टोचू नये, कचऱ्याच्या डब्यात तर मुळीच टाकू नये.

पण कंपनीनं वाट ठेवली असेल तरच हे सगळं जमतं. २०१२ च्या रेटिना मॅकबुक प्रोमध्ये अ‍ॅपलनं रॅम बोर्डावरच सोल्डर केली, बॅटरी गोंदानं चिकटवली. उलट अमेरिकेतल्या फ्रेमवर्क कंपनीनं २०२१ मध्ये आणलेल्या लॅपटॉपचे बहुतेक भाग मालकाला घरीच बदलता येतात. भारतातही ग्राहक व्यवहार विभागानं जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली.

राहिला प्रश्न सॉफ्टवेअरचा. विंडोज १० ची नियमित अद्यतनं १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली आणि एक्स२२० विंडोज ११ च्या अटींत बसत नाही. लिनक्स मात्र त्यावर छान चालतं. एसएसडी आणि ८ जीबी रॅम असली, की मुलांचा अभ्यास, पत्रव्यवहार, हिशेब ही कामं तो आजही बिनतक्रार करतो.